मिस्त्रींनी बसवलेला क्लच

"गाडी घेतली तेव्हा पेडलं मोजेल व्हती का, भाऊ?"

मिस्त्रींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. धुळ्याला पारोळा रस्त्यावर एका निंबाखाली त्यांचं गॅरेज होतं आणि तिथं मी माझा नवा ट्रक घेऊन उभा होतो. नवा म्हणजे मला नवा. एका धरणाचं काम संपल्यावर तिथली परदेशी यंत्रं लिलावात निघाली, त्यातलं हे माती वाहणारं धूड मी घेतलं होतं. मागचा लोखंडी हौदा काढून लाकडी फाळके बसवले, पुढे 'आईचा आशीर्वाद' रंगवून घेतलं, आणि या सगळ्या गडबडीत पायाशी काय आहे ते बघायचं राहून गेलं. मला गाडी चालवता येत नव्हती, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण माझी बायको आजही पाहुण्यांना चहाबरोबर सांगते, म्हणून मी इथं लिहीत नाही. धरणावरच्या ज्या ड्रायव्हरनं ट्रक धुळ्यापर्यंत आणून दिला, तो किल्ली माझ्या हातात ठेवून पहिल्या एसटीनं निघून गेला होता. घाई का करतोय, असं मला तेव्हा वाटलंही होतं.

मी वाकून पाहिलं. ॲक्सिलरेटर होता. ब्रेक होता, चांगला पाटासारखा रुंद. आणि डाव्या पायाच्या जागी नुसता पत्रा.

"क्लच चोरीला गेला असेल," मी म्हणालो.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांना हसताना मी कधीच पाहिलं नाही. ते गाडीखाली सरकले, बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत राहिले, आणि मग बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "चोरीला गेला नही. जन्मालाच आला नही. ही गाडी गिअर आपल्या मनानं बदलते."

मी तिथल्याच एका टायरवर बसलो. गिअर आपल्या मनानं बदलणारी गाडी! आमच्या घरात आपल्या मनानं काही करायची परवानगी फक्त आबांना होती.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जळगावात कापडाचं दुकान. कापड मोजून मोजून मी पंचविसाव्या वर्षीच म्हातारा होईन या भीतीनं ट्रकच्या धंद्याचा हट्ट धरला होता. आबांनी पैसे काढून दिले आणि अटही घातली. चोपड्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याशी त्यांची ओळख होती. "त्याची एक खेप इंदूरला धड पोचव. पोचली तर तो वर्षाचं काम देईल. नाही पोचली तर गाडी भंगारात आणि तू गादीवर. परत ट्रकचं नाव काढायचं नाही."

चोपड्याहून इंदूर म्हणजे शिरपूर, पळासनेर आणि मग बिजासनचा घाट. तो घाट चढताना चांगल्या चांगल्या गाड्या उसासे टाकायच्या. आणि माझ्या गाडीला तर क्लचच नव्हता.

मिस्त्रींचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं असावं. धोतर आणि सदरा, दोन्ही पांढरेशुभ्र. दिवसभर गाड्यांच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाच्या कपड्यावर तेलाचा एक ठिपका नसे. आंघोळ केल्याशिवाय ते इंजिन उघडत नसत, आणि दुपारी दुसरं इंजिन आलं तर पुन्हा आंघोळ. इंजिन चालू असताना कोणी बोललं की ते हात वर करून थांबवत. "पेशंट बोली ऱ्हायना. आधी त्याचं ऐकू." माझ्याशी ते असंच, अर्धं शहरी आणि अर्धं अहिराणी बोलायचे. रागात मात्र पूर्ण अहिराणी.

इंजिन नीट लागलं की नाही हे बघायला ते पितळी पेल्यात काठोकाठ पाणी भरून चालू इंजिनावर ठेवायचे. पाणी सांडलं की काम पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका लालाजींच्या गाडीसाठी त्यांनी चार दिवस पेला भरला. लालाजी वैतागून म्हणाले, "मिस्त्री, मला माल न्यायचाय, पाणी नाही." मिस्त्रींनी पेल्यातलं पाणी शांतपणे पिऊन टाकलं आणि गाडी तशीच्या तशी परत दिली. पुढच्या आठवड्यात लालाजी स्वतः पेला घेऊन आले.

आणि एवढा माणूस स्वतः गाडी चालवत नसे. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर पेशंटच्या खांद्यावर बसतो का?" मला हे काही पटलं नाही. खरं म्हणजे त्यांना चालवता येतच नव्हतं. हे कळलं तेव्हाही मी असाच बसून राहिलो होतो. त्या काळात मी फार वेळा बसून राहत असे.

गिअरची पेटी उघडायच्या दिवशीची गोष्ट. मिस्त्रींनी खालचा नट सोडला आणि पेटीतून लालभडक तेल आलं. काळं नाही, लाल. मी ठेवलेला ड्रायव्हर भिला तिथंच उभा होता, तो दोन पावलं मागं सरला.

"रगत शे, मिस्त्री!"

मिस्त्रींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, बोटाचा वास घेतला, आणि मग मला म्हणाले, "तेलच शे. पण असं तेल मी जन्मात पाहिलं नही." धुळ्यात, जळगावात, मालेगावात, कुठंच ते मिळालं नाही. मग मिस्त्रींनी घरून नवंकोरं धोतर मागवलं, घडी चौपदरी केली आणि ते सगळं तेल त्यातून गाळून पुन्हा पेटीत घातलं. धोतर लाल झालं ते कायमचं. त्यांच्या बायकोनं मला पुढं कितीतरी वर्षं तोंडावर विचारलं, "भाऊ, त्या धोतराचं काय?"

मायलेज मोजायची त्यांची पद्धत आकड्यांची नव्हती, गावांची होती. टाकीची नळी काढून ते केबिनमध्ये पाच लिटरचा डबा टांगत. डबा भरायचा, धुळ्याहून पारोळ्याच्या रस्त्याला निघायचं, आणि जिथं गाडी बंद पडेल तिथं उतरून रस्त्याकडेच्या दगडावर चुन्याचा ठिपका द्यायचा. त्या रस्त्यावर असे कितीतरी ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक गाडी. फागण्याची माणसं मिस्त्रींना बघून ओरडायची, "आज कोनी गाडी मरनी व्हो?"

माझी गाडी पहिल्या दिवशी फागण्याच्या अलीकडेच मेली. इतक्या अलीकडे तिथं कोणाचाच ठिपका नव्हता. मिस्त्रींनी चुना लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मग पंधरा दिवस ते कारण शोधत होते. इंजिनाचा पंप लावला, नोझल साफ केले, तरी गाडी थोडीच पुढं गेली. शेवटी त्यांनी भिलाला गाडी हळूहळू चालवायला लावली आणि स्वतः फूटबोर्डवर आडवे होऊन डोकं खाली घालून गेले. धोतराचा सोगा तोंडात धरलेला. रस्त्यावरची माणसं धावत आली, त्यांना वाटलं माणूस गाडीत अडकला. मला तर वाटलं आता हा गेलाच. पण परत आले ते डोळे चमकवत.

"सापडला. ॲक्सिलरेटरपासून पेटीकडे एक दांडी जाते. गिअर कधी बदलायचा हे ती दांडी सांगते. आखूड केली की गाडी लवकर वरच्या गिअरमध्ये जाते, डिझेल वाचतं. लांब केली की उशिरा जाते, ताकद मिळते. बठ्ठा खेळ त्या दांडीच्या आट्यांचा शे."

त्यांनी दांडी दोन आटे आखूड केली. त्या दिवशी डबा रिकामा झाला तेव्हा आम्ही मुकटी मागं टाकली होती. मिस्त्रींनी चुन्याचा ठिपका दिला, थोडा मोठाच दिला, आणि सांगितलं, "सपाटीला असं. घाटाखाली मी दोन आटे सोडीन, घाटावर परत घेईन."

म्हणजे मिस्त्री आमच्याबरोबर इंदूरला येणार होते. ते धुळे सोडून कुठं जात नाहीत असं ऐकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती काळजी. ते का येतायत?

ते का येतायत हे मला पुढं लळिंगच्या घाटात तरी कळायला हवं होतं, कारण तिथं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

भिला वीस वर्षं मुरलेला ड्रायव्हर. पायात टायरच्या चपला, कानाला विडी. आम्ही तिघं गाडीत पोती भरून लळिंगच्या घाटात सरावाला गेलो. चढावर गाडीचा आवाज बदलला, आणि वीस वर्षांच्या सवयीनं भिलाचा डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथं क्लच नव्हता. तिथं जवळच होता तो रुंद ब्रेक. भिलानं क्लच दाबतात तसा तो गच्च दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, मी काचेवर गेलो आणि मागची दोन पोती केबिनच्या टपावर आली. पुढच्या चढावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मागून येणारी एसटी आम्हाला चाटून गेली. तिच्या ड्रायव्हरनं माझ्या आईची आठवण काढली.

भिलानं गाडी कडेला घेतली, टोपी काढली आणि मिस्त्रींकडे बघून म्हणाला, "मी नही चालावस ही गाडी. मना डावा पायले काम नही, तो रिकामा बठस आन् मग भलतं करस. बिजासनमा मी मरसु, आन् ह्या शेठलेबी मारसु."

दुसरा ड्रायव्हर मिळेना. बिनक्लचच्या गाडीची बातमी साऱ्या आग्रा रोडवर पसरली होती. चोपड्याहून निरोप आला, सोमवारी केळी कापणार. आबांचाही निरोप आला, दुकानात गादीला नवा अभ्रा घातलाय.

मिस्त्रींनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. चारी बाजूंनी गोणपाट लावले, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गोणपाट काढले आणि भिलाला बोलावलं.

"क्लच बसवला. बस."

डाव्या पायाशी खरंच पेडल होतं. भिलानं दाबलं. दाबलं गेलं, सोडल्यावर वर आलं. त्यानं गाडी काढली, चौकापर्यंत जाऊन आला आणि उतरून मिस्त्रींच्या पाया पडला. "थोडा कडक शे," तो म्हणाला.

"नवा शे. बसेल," मिस्त्री म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं, साहेबांनी विलायतेत बनवलेल्या गाडीला आमच्या मिस्त्रीनं क्लच बसवला. चहावाल्याला सांगितलं, जळगावला पत्रानं कळवलं. कसा बसवला, असं एकानं विचारलं तेव्हा मी त्याला तांत्रिक बाब समजावून सांगितली. काय समजावलं ते मला आता आठवत नाही, तेव्हाही कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी चोपड्याला घड भरले. केळीची पानं खाली, पानं वर, मधे हिरवेगार घड. व्यापारी म्हणाला, "उद्या सकाळी इंदूरच्या बाजारात हवी. उशीर झाला तर ऊन लागून बठ्ठी केळी पिकतील आणि माझा तुमचा राम राम." पळासनेरला चार वाजले. मिस्त्री गाडीखाली सरकले, दांडीचे दोन आटे सोडले, धोतर झटकलं आणि आम्ही घाटाला लागलो. भिला चक्रावर, मधे मी, दाराशी मिस्त्री.

गाडी काय चढत होती! भिला वळणावळणाला क्लच दाबत होता, गिअरचा दांडा मागंपुढं करत होता, आणि गाडी गुरगुरत वर जात होती. मी मनातल्या मनात आबांना उत्तर देत होतो. अर्धा घाट झाला असेल. एका वळणावर आमच्या पुढची कापसाची गाडी थांबली, आणि मग हळूच मागं यायला लागली.

भिलानं दोन्ही पाय एकदम मारले. उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. गाडी थांबली. खालून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ रस्त्यावर लोखंड वाजलं. कापसाची गाडी आमच्यापासून हातभर अंतरावर सावरली, पुढचा गिअर पडला आणि ती निघून गेली.

"काय व्हयनं?" भिला ओरडला. "मना क्लच कुठे शे?"

मी उडी मारली, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडीखाली वाकलो. रस्त्यावर पेडल पडलं होतं. मी ते उचललं. पेडलाला एक दांडी होती, दांडीच्या टोकाला एक तुटकी स्प्रिंग. ती स्प्रिंग मी ओळखली. सायकलच्या सीटखालची होती. तिचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला मारलेल्या एका पट्टीला लोंबत होतं. एवढंच. पुढं काही नाही. पेटीकडे काही जात नव्हतं, इंजिनाकडे काही जात नव्हतं. चाळीस-पन्नास मैल आम्ही केळी घेऊन, जीव मुठीत घेऊन, सायकलच्या सीटवर पाय देत आलो होतो.

मी पेडल हातात घेऊन उभा राहिलो. मिस्त्री उतरून आले आणि माझा दंड धरून त्यांनी मला गाडीच्या मागं नेलं.

"हे... हे कशालाच जोडलेलं नाही!"

"हळू बोल. भिला आयकी."

"अहो पण क्लच—"

"गाडीला कशाला पाहिजे क्लच? भिलाच्या पायाला पाहिजे." मग वर रस्त्याकडे बोट करून म्हणाले, "आता खरं सांगितलं तर तो पाय परत ब्रेकवर जाईल. पुढची तीन वळणं बघितलीस? बाजूला दरी शे. आन् चक्रावर तो नही बसला तर कोण बसणार? तू?"

मी पेडल केळीच्या पानात गुंडाळलं आणि फाळक्यातून आत सारलं. मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. भिला केबिनमधून डोकं काढून ओरडला, "मी उतरस! बिनक्लचनी नही चढावणार!"

मिस्त्री केबिनमध्ये चढले. सीटवर बसले नाहीत. ते पांढरंशुभ्र धोतर आवरून भिलाच्या डाव्या पायाशी, खाली पत्र्यावर मांडी घालून बसले. पेडल पडलं त्या भोकात त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत घातला आणि डाव्या हाताची मूठ वर ठेवली.

"क्लचचं पेडल मोडलं, दांडी शाबूत शे," ते भिलाला म्हणाले. "दांडी मना हातमा शे. तू आठे, ह्या मुठीवर दाब, मी खालून ओढस. घाबरू नको."

भिलानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं हे मला आजही ठरवता येत नाही. मी मान हलवली. "हो हो, दांडी शाबूत आहे," मी म्हणालो, "मी खाली पाहिली."

"चप्पल काढ रे निदान," मी पुढं म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री खालून म्हणाले. "सवय मोडू नको त्यानी."

दगड काढले. गाडी निघाली. पहिल्या वळणावर आवाज बदलला आणि भिलानं टायरची चप्पल त्या मुठीवर गच्च दाबली. मिस्त्रींनी खालच्या हातानं हवेत काहीतरी ओढलं आणि म्हणाले, "सोड." भिलानं सोडलं. गाडीनं आपल्या मनानं गिअर बदलला होता, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "दाब." "सोड." दुसरं वळण. भिलाच्या कपाळावर घाम, पण पाय कसा नेमका जात होता! एकदाही ब्रेककडे गेला नाही. तिसऱ्या वळणाला चढ फार होता, भिलानं पायावर सारा भार टाकला आणि तो तसाच ठेवला. मिस्त्रींच्या घशातून एक आवाज आला. मी वाकलो तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग म्हणाले, "सोड." आवाज अगदी नेहमीचा होता.

किती वेळा दाबलं, मी मोजलं नाही. मला बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघताही येत नव्हतं. बिजासनच्या देवळापाशी गाडी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. भिलानं इंजिन बंद केलं, उडी मारून देवीला नारळ फोडला, आणि खोबरं घेऊन धावत आला तो आधी मिस्त्रींकडे.

मिस्त्री फूटबोर्डवर बसले होते. डावा हात मांडीवर ठेवला होता, आणि तो हात आहे असं सांगावं लागलं असतं. निळा-काळा पडलेला, फुगून दुप्पट झालेला, बोटांवर टायरची नक्षी उठलेली. अंगावरच्या धोतरावर, मी त्यांना ओळखायला लागल्यापासून प्रथमच, डाग होता.

भिला त्या हाताकडे बघत राहिला. खोबरं त्याच्या हातातच राहिलं.

"मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "इतका जड व्हता का हो क्लच?"

मिस्त्रींनी उजव्या हातानं खोबऱ्याचा तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"भरेल गाडी शे, भिला," ते म्हणाले. "जडच ऱ्हास." मग माझ्याकडे वळून पाना पुढं केला. "मना हात चालत नही. तू जा खाली. दांडीचे दोन आटे घे. दोन म्हणजे दोनच. केळी इंदूरला पोचानी शेतस."